कुणाचा रं तू? : सातारा-सांगलीच्या कारखान्यातून माणूस परदेशी पाठवणाऱ्या नव्या एचआरसाठी

गावात पारावर बसलेला म्हातारा अनोळखी पोराला आधी नाव विचारत नाही. विचारतो, "कुणाचा रं तू?" उत्तर मिळालं की घर, भावकी, वाडी, सगळा पत्ता त्याला लागतो. हा प्रश्न मी माझ्या पहिल्या फाइलच्या वेळी विचारायला हवा होता. मी पासपोर्ट मागवत बसलो.

मी सातारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागलो. हजेरी, ओव्हरटाइम, कॅन्टीनची कूपनं आणि वर्षातून एकदा युनियनशी बोलणी, एवढंच जग होतं. मग कंपनी एका जर्मन समूहानं घेतली आणि एका सोमवारी मेल आला : चार इंजिनिअर १८ महिन्यांसाठी तिकडच्या प्लांटला हवेत, व्यवस्था करा. 'व्यवस्था करा' या दोन शब्दांत किती खाती, किती कायदे आणि किती सासरे-मेहुणे येतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ही वेळ आपल्याकडे आता अनेकांवर येते. फलटणला कमिन्सचा मोठा प्लांट आहे. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० मध्ये कारखाना उभारलेल्या किर्लोस्करांनी २००३ साली ब्रिटनची एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. म्हणजे मालक इकडचा आणि कारखाना तिकडचा, असंही घडतं. खाली मी जर्मनीचं उदाहरण धरून लिहिलंय, कारण हात तिथंच भाजलेत. देश बदलला की नियम बदलतील, प्रश्न तेच राहतील.

१. पासपोर्टच्या आधी एक कागद लिहा : माणूस कुणाचा?

एका पानावर पाच प्रश्न लिहा आणि दोन्हीकडच्या एचआरची त्यावर सही घ्या.

- पगार कुणाच्या खात्यातून निघणार, आणि शेवटी खर्च कुणाच्या माथी?
- रोजचं काम कोण सांगणार?
- रजा आणि वार्षिक मूल्यमापन कोण करणार?
- कामावरून काढायचा अधिकार कुणाकडे?
- मुदत संपल्यावर तो कुठल्या टेबलावर परत येणार?

यातलं एकही उत्तर 'बघू' असं असेल तर फाइल पुढे सरकवू नका. कारण व्हिसा, पीएफ, टॅक्स, विमा ही सगळी खाती नंतर हाच प्रश्न आपापल्या भाषेत विचारतात आणि सगळ्यांना एकच उत्तर जावं लागतं.

हा नुसता माझा हट्ट नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या बंगळुरूच्या कंपनीच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न सोडवला. परदेशी समूहानं आपली माणसं भारतीय कंपनीत पाठवली होती. रोजचं काम भारतीय कंपनी सांगत होती, पण पगार परदेशी कंपनीकडून निघत होता, तो खर्च भारतीय कंपनी तिला भरून देत होती आणि मुदत संपली की माणसं तिकडंच परत जाणार होती. न्यायालय म्हणालं, खरा मालक परदेशी कंपनीच; तुम्ही मनुष्यबळ पुरवठ्याची सेवा घेतलीत, तर सेवाकर भरा. त्या निकालानंतर परदेशातून माणसं आणणाऱ्या अनेक कंपन्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. करारात काय लिहिलंय एवढं बघून कोर्ट थांबत नाही. पारावरच्या म्हाताऱ्यासारखं ते मुळापर्यंत जातं.

आता माझी चूक सांगतो. आमचा एक इंजिनिअर तिथं पोचल्यावर तिकडच्या कार्यालयानं 'बँक खातं लवकर उघडेल' म्हणून त्याच्याकडून एका स्थानिक नोकरी-करारावर सही घेतली. त्यानं मला फोन केला, मी म्हणालो, "करून टाक." एका सहीनं तो एकाच वेळी आमचा आणि त्यांचा झाला. व्हिसा 'आमचा' म्हणून मिळालेला, पीएफचं प्रमाणपत्र 'आमचा' म्हणून घेतलेलं, आणि करार सांगतोय 'त्यांचा'. ते निस्तरायला पाच महिने आणि दोन वकील लागले.

२. मुक्काम कसला, ते ठरवा

बिझनेस ट्रिप, सहा-आठ महिन्यांची छोटी नेमणूक, दोन-तीन वर्षांची मोठी नेमणूक आणि कायमची बदली, अशी ढोबळ चार प्रकारची जाणी असतात. पहिल्या तिन्हींत माणूस आपलाच राहतो. चौथ्यात तो तिकडचा होतो. इथला राजीनामा, हिशेब, ग्रॅच्युइटी, सगळं रीतसर संपवून.

सापळा ट्रिपमध्ये आहे. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन बिझनेस व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. साहेब लोकांना वाटतं, ९० दिवस म्हणजे ९० दिवस काम. तसं नाही. मीटिंग करा, ऑडिट बघा, चर्चा करा. पण पान्हा हातात घेऊन लाइनवर उभं राहायचं असेल तर आधी कामाचा परवाना लागतो का ते विचारा. 'फक्त तीन आठवडे कमिशनिंगला (नवं मशीन चालू करायला) मदत' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

आखातात फिटर-वेल्डर पाठवत असाल तर आणखी एक गोष्ट. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, कुवेत वगैरे ठरावीक १८ देशांत कामाला जाताना ई-मायग्रेट पोर्टलवरून सरकारी परवानगी लागते. ती नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात.

३. माणूस निवडताना त्याच्या घरी जाऊन या

एचआरच्या पुस्तकांत याला कौटुंबिक समायोजन वगैरे म्हणतात. आपल्याकडं हे ज्ञान जुनं आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. पोरगं पाठवायचं तर कुणाच्या दुकानावर, कुणाच्या नजरेखाली, आणि मागं आईबापांकडं कोण बघणार, हे ठरल्याशिवाय पिशवी भरली जात नाही. आणि साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावातल्या कुठल्याही घरात विचारा, पोस्टिंग म्हणजे काय ते घरातली आजी तुम्हाला नीट समजावेल. तिला फॅमिली स्टेशन (जिथं बायकापोरं नेता येतात) आणि फिल्ड एरिया (जिथं नेता येत नाहीत) यातला फरक माहीत असतो. आमच्या जर्मन समूहाच्या धोरणात तो नव्हता.

तेव्हा मुलाखतीला बायकोलाही बोलवा, निदान फोनवर बोला. ती नोकरी करते का, सोडणार का, तिथं तिला काम करायची परवानगी मिळते का (जर्मनीत अशा नेमणुकीवर गेलेल्याच्या जोडीदाराला मिळते), मूल कितवीत आहे, सासूबाईंची तब्येत कशी आहे, हे सगळं विचारा. आमच्या चारपैकी एक जण सातव्या महिन्यात परत आला. कामात तो सगळ्यांत हुशार होता. घरी वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि उसाला तोड मिळेना, दोन्ही एकाच महिन्यात आलं.

त्यावरून शिकलेली गोष्ट : निघण्याआधी शेती-घराच्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात करून ठेवायला सांगा. सोसायटीचं पीककर्ज, सातबाऱ्यावरची वारसनोंद, साखर कारखान्याचा शेअर, सगळ्याला सही लागते. तिकडं गेल्यावर हेच करायचं तर भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करायची, कागद इकडं पाठवायचा, आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. तोवर ऊस वाळून जातो.

४. कागद : ही यादी टेबलावर चिकटवा

- पासपोर्ट, नेमणुकीची मुदत संपल्यानंतरही काही महिने शिल्लक असलेला
- जन्मदाखला (शाळा सोडल्याचा दाखला हा जन्मदाखला नव्हे)
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले
- पदवी किंवा डिप्लोमाची मूळ प्रमाणपत्रं आणि गुणपत्रकं
- मागच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं
- पोलीस क्लिअरन्स, ज्या देशाला लागतो त्यासाठी
- नेमणूकपत्र, इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेत
- प्रवास आणि आरोग्य विम्याची कागदपत्रं

आपल्या भागात कागद तीन ठिकाणी अडतात.

एक, नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव वेगळ्या. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी. डिग्रीवर आईचं नावही जोडलेलं. 'विश्वास'चं स्पेलिंग एकीकडं व्ही, दुसरीकडं डब्ल्यू. लग्नानंतर बायकोचं नाव तर कधी कधी पहिलंसुद्धा बदललेलं. परदेशी अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

दोन, जन्मतारीख. अनुभवी फोरमन मंडळींत १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या बघितली तर सातारा जिल्ह्यात त्या दिवशी काहीतरी विशेष घडत असावं असं वाटेल. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख ती. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत वेगळीच निघते. दोन्ही कागद एकत्र जोडण्याआधी तपासा.

तीन, लग्न. हळद लागली, अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, पण नोंदणी केली नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि ग्रामपंचायतीतही नोंद होते. तारखेला उशीर झाला असला तरी करून घ्या. पत्रिका, फोटो आणि साक्षीदार घेऊन जा.

आता एजंट लोक हमखास फसवतात ते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे; अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का. मंत्रालयातून राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, की ब्रिटनसारख्या देशात कागद चालतो. पण जर्मनीनं या करारात भारताच्या सहभागाला हरकत नोंदवलेली आहे, त्यामुळं तिथल्या कामासाठी आपलं अपोस्टिल उपयोगाचं नाही. त्यांच्या वकिलातीला किंवा तिकडच्या कार्यालयाला गरज वाटली तर ते कागदाची स्थानिक पातळीवर पडताळणी करवून घेतात. आम्ही चौघांच्या कागदांवर अपोस्टिल करून घेतलं होतं, माणशी काही हजार मोजून. छान सोनेरी स्टिकर असतं, फाइलीत शोभून दिसतं.

५. व्हिसा

जर्मनीत समूहांतर्गत बदलीसाठी आयसीटी कार्ड नावाचा परवाना आहे. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना जास्तीत जास्त ३ वर्षं, प्रशिक्षणार्थीला १ वर्ष. माणूस आधी किमान सहा महिने सलग समूहातल्या आपल्या कंपनीत असला पाहिजे, मुक्काम ९० दिवसांहून जास्त असला पाहिजे आणि अर्ज युरोपीय संघाबाहेरूनच करायचा. पगार तिकडच्या तशाच कामगाराच्या तोडीचा दाखवावा लागतो.

या कार्डाची अट पुन्हा तोच प्रश्न आहे : माणूस नेमणुकीच्या काळात मूळ कंपनीचाच राहतो. तो तिकडचा होणार असेल, स्थानिक करार असेल, तर रस्ता वेगळा, बहुधा ब्लू कार्डाचा, म्हणजे तिकडचीच नोकरी धरणाऱ्या उच्चशिक्षितांच्या परवान्याचा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडं जातात. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. साहेबांना 'पुढच्या महिन्यात निघतो' असं कधीही सांगू नका.

६. पीएफ : निघण्याआधी सीओसी

माणूस जर्मनीत काम करू लागला की तिथला पेन्शनचा हप्ता लागतो, पगाराच्या १८.६ टक्के, निम्मा मालकाचा, निम्मा कामगाराचा. इकडं पीएफही चालूच. दोन्हीकडं भरत बसू नये म्हणून दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असतो. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी २००६ मध्ये झाला. जर्मनीशी सध्या लागू असलेला सविस्तर करार मे २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात नेमणुकीवरच्या माणसाला ४८ महिने तिकडच्या पेन्शन-हप्त्यातून सूट मिळते.

पण ती आपोआप मिळत नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, पोर्टलवरून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे सीओसी, काढावं लागतं, आणि ते माणूस निघण्याआधी हातात हवं. इकडं पीएफ नियमित भरला जात असेल तरच ते मिळतं. आरोग्य विमा यात येत नाही, तो वेगळा बघा. आणि अमेरिकेशी असा करार नाही. तिथं पाठवलेल्या माणसाची सोशल सिक्युरिटी कापली जाते, आणि थोड्या वर्षांसाठी गेलेल्याला तिचा सहसा काही फायदा होत नाही. बजेट मांडतानाच तो खर्च धरा.

७. पगार आणि टॅक्स, इथंच घोडं पेंड खातं

पगार बांधायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत तिकडच्या बाजारभावानं पगार. दुसरीला ताळेबंद पद्धत म्हणतात : इथला पगार तसाच धरायचा आणि तिकडचं घरभाडं, महागाईचा फरक, शाळा, वर्षातून एकदा गावाकडचं तिकीट वरून द्यायचं. विचार असा की माणसाला जाण्यानं खोटही येऊ नये आणि घबाडही मिळू नये. आम्ही दुसरी निवडली. आज विचाराल तर मी म्हणेन, दोन वर्षांच्या आत परतणाऱ्याला हीच बरी, कारण परत आल्यावर पगार 'कमी' झाला अशी भावना येत नाही. मात्र एकूण रक्कम तिकडच्या तोडीची भरली पाहिजे, नाहीतर व्हिसा अडतो. जर्मनीत किमान वेतनच जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे, आणि इंजिनिअरला त्याहून बरंच जास्त दाखवावं लागतं.

भत्ता रुपयांत ठरवायचा की युरोत, ते लिहून ठेवा. आमच्या पत्रात 'दरमहा अमुक युरो किंवा त्याच्या किमतीचे रुपये' असं होतं. त्या 'किंवा'वर आमचे चौघे आणि अकाउंट्स विभाग दर महिन्याला भांडले.

आता टॅक्स. भारत-जर्मनी करारात १८३ दिवसांचा एक नियम आहे आणि तो अर्धवट ऐकूनच सगळे खूश होतात. '१८३ दिवसांच्या आत आला तर तिकडं टॅक्स नाही.' खरी अट तिहेरी आहे : तिकडच्या आर्थिक वर्षात मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नसावा, पगार देणारा मालक तिकडचा रहिवासी नसावा, आणि त्या पगाराचा बोजा मालकाच्या तिकडच्या कायमस्वरूपी आस्थापनेवर (कार्यालय, कारखाना वगैरे) नसावा. तिन्ही एकदम पाळल्या तरच सूट. समूहानं 'खर्च आमच्या प्लांटच्या नावे टाका' म्हटलं की ही सूट गेली असंच धरा, मुक्काम चार महिन्यांचा का असेना. दिवस मोजताना रविवार, सुट्टी, पोचल्याचा दिवस, निघाल्याचा दिवस, सगळे मोजतात.

शिवाय त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला असेल तर तो त्या वर्षी इथला रहिवासी ठरतो आणि जगभरच्या कमाईवर इथं हिशेब द्यावा लागतो. म्हणून माणूस सप्टेंबर संपण्याआधी निघाला की नोव्हेंबरात, यानं त्याच्या विवरणपत्राचा सगळा नकाशा बदलतो. तारीख प्रॉडक्शन ठरवतं, मान्य. पण सीएला ती आधी सांगा. आम्ही नंतर सांगितली, वरातीमागून घोडं.

तिकडं भरलेल्या कराचं इथं क्रेडिट घेता येतं, पण पुरावे लागतात : तिकडं कर भरल्याचे कागद, आणि विवरणपत्रासोबत वेळेत भरायचा फॉर्म. पगार इथल्या खात्यात पडत असेल तर टीडीएसचं काय करायचं, हेही पहिल्याच महिन्यात लेखी घ्या.

एक गंमत जर्मन टॅक्स-वर्गांची. लग्न झालेल्या माणसाला वाटतं आपल्याला विवाहितांचा सवलतीचा वर्ग मिळेल. बायको साताऱ्यातच राहिली तर तो तिकडच्या हिशेबात एकटाच, वर्ग १. बायको तिथं राहायला आली की वर्ग बदलून घेता येतो आणि हातात पडणारा पगार वाढतो. आमच्या एकाची बायको मुलीच्या परीक्षेसाठी चार महिने मागं राहिली होती. आधी कळलं असतं तर हिशेब तरी मांडला असता.

आणि बँक : अनिवासी झाल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं रुपया-खातं) करून घ्यावं लागतं. कुणी करत नाही. तुम्ही आठवण करा.

८. पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं एक पत्र लागतं, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणता आलं की जर्मन आली समजा. ही नोंद झाल्याशिवाय टॅक्स क्रमांक येत नाही, बँकही कटकट करते. म्हणून पहिला महिना हॉटेलात ठेवणार असाल तर तिथं नोंदणी होईल का ते आधी विचारा. टॅक्स क्रमांक टपालानं येतो, तेव्हा टपालपेटीवर आपल्या माणसाच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवलेली हवी. आमच्या एकाचं पत्र चिठ्ठी नसल्यामुळं परत गेलं होतं.

९. तिकडची रीत

गेर्ट होफस्टेड या डच संशोधकानं आयबीएमच्या १९६७ ते १९७३ मधल्या कर्मचारी पाहण्यांवरून देशादेशांतला फरक आकड्यांत मांडला. साहेब आणि हाताखालच्या माणसातलं अंतर मोजणारा त्याचा निर्देशांक भारतासाठी ७७, जर्मनीसाठी ३५. आकड्यांवर फार भाळू नये, पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. आमचा पोरगा मीटिंगमध्ये "येस सर" म्हणाला. त्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ होता 'ऐकलं'. समोरच्यानं घेतला 'जमेल'. शुक्रवारी काम झालं नव्हतं. निघण्याआधी दोन तास बसवून 'नाही जमणार' हे वाक्य तोंडी म्हणायचा सराव करून घ्या. हसू येतं, पण कामाला येतं.

कामाचे तास तिकडं कायद्यानं दिवसाला आठ, ठरावीक अटींवर दहा. दोन पाळ्यांत अकरा तासांची विश्रांती हवी आणि रविवारी काम सहसा बंद. आपली माणसं छाप पाडायला रविवारी प्लांटवर जातात. तिकडचा साहेब खूश होत नाही, घाबरतो.

तिकडच्या कारखान्यात बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी निवडलेली परिषद असते. वीसपेक्षा जास्त मतदार-कामगार असलेल्या ठिकाणी नवा माणूस कामात घ्यायचा तर तिची संमती लागते, आपल्या नेमणुकीवरच्या माणसालाही ते लागू होऊ शकतं. आपल्याकडची युनियन डोळ्यासमोर आणून तिच्याशी लढायला जाऊ नका. तिला आधी कागद दाखवा, ती मदतच करते.

आणि २०१८ च्या मे महिन्यापासून लागू असलेला त्यांचा डेटा संरक्षण नियम, जीडीपीआर. मी एका जर्मन सहकाऱ्याच्या वाढदिवसाला त्याचा फोटो, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर आमच्या दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. केकचा फोटो खूप जणांना आवडला. तिकडच्या डेटा अधिकाऱ्याचा मेल त्याच संध्याकाळी आला.

१०. उलट पाहुणा : तिकडचा माणूस साताऱ्यात

थोडक्यात सांगतो. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी वार्षिक पगार १६.२५ लाख रुपयांच्या वर हवा, काही अपवाद सोडून. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक शाखेकडं असतं. घरमालकानं त्याची माहिती २४ तासांत कळवायची, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या काकांना हे ऐकून घाम फुटतो, तेव्हा लॉगिन तुम्हीच बसून करून द्या.

त्याच्याकडं त्याच्या देशाचं सीओसी नसेल तर पीएफ पूर्ण पगारावर, इथल्या कामगाराला असते ती १५,००० रुपये पगाराची मर्यादा त्याला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद रद्द ठरवली म्हणून काही सल्लागार 'सोडून द्या' म्हणतात. आपण महाराष्ट्रात आहोत. स्वतःच्या वकिलाला विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि वरचा २०२२ चा निकाल इथं नेमका लागू पडतो, तेव्हा जीएसटीवाल्याला आधी बसवा.

बाकी, बहुतेक पाहुणे पुण्यात राहून खंबाटकी घाटातून रोज ये-जा करायचं ठरवतात. पावसाळ्यात एक महिना केलं की साताऱ्यात घर बघायला सांगतात.

११. परत येताना

परतीचं काम शेवटच्या महिन्यात नव्हे, सहा महिने आधी सुरू करा. पहिल्या कागदावरचा पाचवा प्रश्न काढा : कुठल्या टेबलावर? आमचा एक जण दोन नव्या मशीनचं सगळं ज्ञान घेऊन आला आणि त्याच्या जुन्या जागी दुसरा माणूस बसलेला होता. त्याला तीन आठवडे कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. चौथ्या आठवड्यात त्यानं पुण्याला मुलाखत दिली.

तिकडून निघताना पत्त्याची नोंद रद्द करायची असते, आबमेल्डुंग. जागा सोडायच्या आठवडाभर आधीपासून सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत. बँक, विमा, मोबाइल, जिम सगळ्यांना लेखी नोटीस. आणि रेडिओ-टीव्हीची फी, घरामागं महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी लागते. ती आबमेल्डुंगनं आपोआप थांबेल असं धरू नका, वेगळं कळवा. आमच्या एकानं कळवलं नाही. तो आता कोडोलीत राहतो, आणि त्याच्या नावाची फीची पत्रं अजून तिकडच्या रिसेप्शनवर येतात. रिसेप्शनवरची बाई ती स्कॅन करून मला पाठवते. विषयात एकच ओळ असते : हा अजून तुमचाच ना?